टिनाचं शेड, मे महिना आणि वाया जाणारं सामान

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

यूट्यूबवर अमेरिका-कॅनडावाल्यांचे गॅरेजचे व्हिडिओ तुम्हीही पाहत असाल. त्यांची एक कायमची चिंता असते, थंडीत गॅरेजमधला रंग आणि गोंद गोठू नये. पाण्यावर बनलेला गोंद किंवा रंग गोठला की आतलं मिश्रण फुटतं, आणि वितळल्यावर त्याच्या गुठळ्या होतात. आपल्या मोर्शीत हिवाळ्यात गोठतं ते फक्त खोबरेल तेल. आपलं दुखणं नेमकं उलटं आहे. मे २०२४ मध्ये शेजारच्या अकोला जिल्ह्यात उन्हामुळे कलम १४४ लावावं लागलं होतं. बाहेर ४५ अंश असताना दुपारी बंद टिनाच्या शेडमध्ये काय होत असेल, विचार करा.

आमच्या शेडमध्ये काय झालं ते आधी सांगतो. मे महिना होता, संत्र्याला आंबिया बहाराची फळं होती आणि बोअरचं पाणी मोजकं. ड्रिपच्या पीव्हीसी मेन लाइनचा एक जॉइंट सुटला. शेडमधला सोल्व्हंट सिमेंटचा डबा उघडला तर आत जेली! बाबा म्हणाले, "टाक थोडं थिनर, होते काम." टाकलं, जॉइंट चिकटलाही. रात्री लाइट आल्यावर मोटर सुरू झाली, जॉइंट पुन्हा सुटला आणि सकाळपर्यंत सगळं पाणी धुऱ्यावर. मोर्शी-वरुड पट्ट्यात मे महिन्यातलं एका रात्रीचं पाणी म्हणजे काय, हे संत्रावाल्याला सांगायला नको. पाण्याचा ताण पडला की फळगळ आलीच.

चूक दोन ठिकाणी झाली. डबा वरच्या फळीवर, टिनाला लागून होता. आणि जेली झालेलं सोल्व्हंट सिमेंट थिनरनं दुरुस्त होत नाही. ते फेकूनच द्यायचं असतं.

थंड की कोरडं?

जवळपास प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं, "थंड व कोरड्या जागी ठेवा." वऱ्हाडात उन्हाळ्यात अशी जागा शोधणं हीच खरी पंचाईत. टिनाचं शेड कोरडं असतं, पण तापतं. कूलरची खोली थंड असते, पण दमट. म्हणून "सगळं सामान कूलरच्या खोलीत आणून ठेवू" हा उपाय अर्धाच. आधी बघा, कोणत्या वस्तूचा वैरी कोण.

- उष्णता वैरी: फेविकॉल, पाण्याचे रंग, एम-सील, बॅटऱ्या. हे घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा. जुनं मातीचं किंवा धाब्याचं घर असेल तर ती खोली सोन्यासारखी. जाड भिंत दुपारचं ऊन आत यायला उशीर लावते.
- ओल वैरी: वेल्डिंग रॉड आणि फेविक्विक. फेविक्विक हवेतल्या ओलीनंच घट्ट होतं, त्यामुळे कूलरसमोर नको. न उघडलेली ट्यूब हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवता येते, लेकरांच्या हाती लागणार नाही अशी. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर थंड ट्यूबवर पाणी धरतं. रॉडचं पाकीट प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधा. त्यांची खरी परीक्षा पावसाळ्यात असते.

फवारणी पंपाची बॅटरी

लेड-ॲसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा की तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. शिवाय उष्णतेत ती नुसती पडून राहिली तरी लवकर उतरते, आणि उतरलेली तशीच ठेवली तर आतल्या प्लेटांवर थर बसतो. म्हणून फुल चार्ज करून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. लिथियमचं उलटं, ती निम्मी चार्ज करून थंड जागी ठेवा. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू तर मुळीच नका.

हे घरात आणू नका

पेट्रोल, थिनर आणि सोल्व्हंट सिमेंट. शेडमध्ये खाली थंड असतं म्हणून सगळं जमिनीवर ठेवावंसं वाटतं, पण पेट्रोल-थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. तिथेच ग्राइंडरची ठिणगी उडाली तर संपलं. यांच्यासाठी सावलीतला, हवा खेळती असलेला वेगळा कोपरा हवा, वेल्डिंग, मोटर आणि स्विचबोर्डपासून लांब. स्प्रे पेंटचा डबाही ५० अंशांच्या वर नेऊ नये, असं त्याच्यावरच छापलेलं असतं. टिनाखालच्या फळीला तेवढं तापायला वेळ लागत नाही. कीटकनाशक तर घरातही नको आणि फ्रिजमध्येही नको. कुलुपातच ठेवा.

शेड थोडं थंड करायचं असेल तर

टिनावर चुना मारा, पांढरा रंग ऊन परतवतो. वर थोडी जागा सोडून हिरवी नेट बांधा. गरम हवा निघून जायला छताजवळ झरोका ठेवा. पऱ्हाटी-तुराट्या टाकायची आपली जुनी रीत सावलीसाठी चांगली, पण जिथे वेल्डिंग होते त्या शेडवर नको.

आणि एक. पाइप जोडायचं काम पहाटे करा. तापलेल्या पाइपवर सोल्व्हंट सिमेंट जॉइंट बसायच्या आधीच वाळतं, मग नवा डबाही उपयोगाचा नाही.

आज घरी गेल्यावर एकच करा. दुपारी ४ वाजता शेडमध्ये जा आणि वरच्या फळीवरचा एक डबा हातात धरा. हाताला चटका बसला, तर तो डबा तिथून हलवा. आमच्या शेडमध्ये वरच्या फळीवर आता फक्त पाने आणि हातोडे आहेत.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. उन्हात जाताना दुपट्टा बांधा, पाणी पीत राहा!