क्वांटिटेटिव्ह फायनान्स : उच्च शिक्षणासाठी गणिताची पूर्वतयारी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि 1916 साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, ते अर्थशास्त्राच्या अध्ययनासाठी. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा 1923 साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ हे त्याच अध्ययनाचे फलित होय. आज या दोन्ही संस्थांत अर्थविषयक अभ्यासाची एक नवी शाखा शिकविली जाते. कोलंबियात तिचे नाव ‘मॅथेमॅटिक्स ऑफ फायनान्स’, तर लंडनमध्ये ‘फायनान्शियल मॅथेमॅटिक्स’. सर्वसाधारणपणे तिला क्वांटिटेटिव्ह फायनान्स म्हणतात. बँका, विमा कंपन्या व गुंतवणूक संस्था यांना जोखमीचे मोल काढून देणारे तज्ज्ञ या शाखेतून तयार होतात. नावात ‘फायनान्स’ आहे म्हणून आपल्याकडचे पालक पाल्याला वाणिज्य शाखेत घालतात आणि नेमकी तेथेच वाट चुकते. ताळेबंद मांडता येतो का, हे प्रवेश देणारे फारसे पाहत नाहीत; गणित किती झाले, हे आधी पाहतात.

गणित कशाला, हे यवतमाळकराला कापसाच्या उदाहरणाने लवकर उमजेल. समजा, हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये आहे. बाजार 7,200 वर उतरला तर हमीभावाने विकण्याचा हक्क 800 रुपयांचा ठरतो. बाजार 8,900 वर चढला तर त्या हक्काचे मोल शून्य. (खरेदी केंद्र वेळेवर उघडते, असे येथे गृहीत धरू!) वित्तशास्त्रात अशा हक्काला ‘पुट ऑप्शन’ म्हणतात. परंतु पेरणीच्या दिवशी या हक्काचे मोल किती? वेचणीपर्यंत भाव कोठे जाईल, हे कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा प्रत्येक संभाव्य भावाची शक्यता लक्षात घेऊन सरासरी काढावी लागते. हे संभाव्यताशास्त्राचे काम. शक्यता सलग पसरलेल्या असल्याने साध्या बेरजेच्या जागी संकलन येते, म्हणजे कॅल्क्युलस. भाव क्षणोक्षणी हलतो तसे हक्काचे मोलही हलते आणि हा संबंध विकलन समीकरणात मांडला जातो. फिशर ब्लॅक व मायरन शोल्स यांचे 1973 सालचे सुप्रसिद्ध समीकरण याच जातीचे. धातूच्या कांबीतून उष्णता कशी पसरते हे सांगणाऱ्या समीकरणाचे ते भावंडच. कापसाबरोबर सोयाबीन आणि तूर यांचेही भाव एकत्र विचारात घ्यायचे, तर त्यांचे परस्परसंबंध कोष्टकात मांडावे लागतात. तेथे लिनिअर अल्जेब्रा हवे.

गंमत अशी की, या शास्त्रातील एक गाजलेले संशोधन कापसावरच झाले आहे. बेन्वा मांडेलब्रो या गणितज्ञाने 1963 साली अमेरिकेतील कापसाच्या भावांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पाठ्यपुस्तकातील घंटाकृती वक्र सांगतो त्यापेक्षा मोठ्या उसळ्या आणि मोठी पडझड कितीतरी अधिक वेळा होते, असे त्यांना आढळले. आपल्या शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते; आकड्यांत सिद्ध करायला मात्र गणित लागते.

समीकरण कागदावर सुटेनासे झाले की संगणकाचा आधार घेतात. भावाचे एक लाख कल्पित प्रवास संगणकाकडून घडवून त्यांची सरासरी काढायची. या रीतीत चूक निम्मी करायची तर प्रवास चौपट करावे लागतात. म्हणून विद्यार्थ्याला पायथॉन हवे आणि वेगासाठी पुढे सी प्लस प्लस. नुसते ‘संगणक येतो’ असे प्रमाणपत्र येथे चालत नाही. स्वतः लिहिलेला प्रोग्राम दाखवता आला पाहिजे.

ही वाट अकरावीत फुटते. वाणिज्य शाखेत अनेक मुले गणित टाळून ‘चिटणीसाची कार्यपद्धती’ घेतात. विज्ञान शाखेत वैद्यकीय प्रवेशाच्या ओढीने गणित सुटते. दोन्हींकडे पालकांनी थोडे थांबून विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र हे तीन विषय घेऊन बी.एस्सी. केलेल्या विद्यार्थ्याची बरीचशी तयारी आपोआप होते; अभियांत्रिकीचा पदवीधरही फार मागे नसतो.

बी.कॉम. किंवा बी.ए. झालेल्यांनी निराश होऊ नये. त्यांनी आधी बहुचल कॅल्क्युलस करावे, मग लिनिअर अल्जेब्रा आणि संभाव्यताशास्त्र जोडीने, त्यानंतर विकलन समीकरणे. रिअल अ‍ॅनालिसिस शेवटी. ते कठीण आहे, पण अनेक विद्यापीठे त्याला मोठे वजन देतात. नोकरी सांभाळून यास दीड-दोन वर्षे लागतील असे धरून चालावे. एम.आय.टी.ची व्याख्याने महाजालावर विनामूल्य आहेत, पण ती ऐकल्याचा पुरावा राहत नाही. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांना नाममात्र शुल्कात परीक्षा व गुण असतात, म्हणून अर्जासाठी ते अधिक उपयोगी. न्यूयॉर्कचे बारूक कॉलेज तर प्रवेशपूर्व गणिताचे स्वतंत्र वर्गच चालवते. ते सशुल्क आहेत.

देशातही वाटा आहेत. पाँडिचेरी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात क्वांटिटेटिव्ह फायनान्सची एम.एस्सी. आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्सच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्थशास्त्राच्या पदवीधरासही गणिताची प्रश्नपत्रिका सोडवावी लागते.

परदेशासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती उपलब्ध आहे. उत्पन्न, वय व विद्यापीठाचा जागतिक क्रमांक यांच्या अटी बदलत असतात. त्या-त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी. यवतमाळातून काम सुरू केलेले एकलव्य इंडिया फाउंडेशन पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अशा अर्जांसाठी मार्गदर्शन करते. परदेशातील वर्ग साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, पण प्रवेशाचे अर्ज बहुधा आदल्या हिवाळ्यातच द्यावे लागतात. तेव्हा गणिताच्या गुणपत्रिका आदल्या दिवाळीपर्यंत हाती आलेल्या असाव्यात.