वैद्यकीय प्रवेश : हातची जागा आणि पुढची फेरी

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील एमबीबीएसच्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, उर्वरित जागांचा कारभार महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाकडे असतो. या विभागणीचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निवाड्यात आहे. अखिल भारतीय कोट्याच्या पहिल्या फेरीत प्रवेश घेताना ज्या विद्यार्थ्याने श्रेणीवाढीस संमती दिली, त्यास पुढील फेरीत वरच्या पसंतीची जागा मिळताच पहिली जागा आपोआप रद्द होते, आणि मग मागे फिरण्यास वाव उरत नाही; म्हणून जेथे खरोखर शिकावयाचे नाही, त्या महाविद्यालयाचे नाव केवळ रकाना भरावा म्हणून पसंतीक्रमात कदापि लिहू नये. मूळ गुणपत्रिका, अधिवासाचा दाखला, राखीव प्रवर्गास जात वैधता प्रमाणपत्र, हे सारे मुदतीपूर्वीच एका धारिकेत लावून ठेवावे.