तीन फासे एकदम की एकेक?

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात एक मुलगी जन्मली. शरीराबाहेर फलन होऊन जन्मलेले आणि शास्त्रीय नोंदींनी सिद्ध झालेले ते भारतातील पहिले मूल. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचे हे यश. (कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे साधले होते. त्यांना मरणोत्तर मान्यता मिळवून देण्यात आनंदकुमार यांचाच पुढाकार होता.)

पुढे असे उपचार जगभर वाढले आणि त्यांबरोबर जुळी-तिळीही वाढली. असे का व्हावे?

निसर्गतः ऐंशी ते शंभर बाळंतपणांत एखादे जुळे असते, कारण दरमहा बहुधा एकच स्त्रीबीज पक्व होते. वंध्यत्वावरील काही औषधांमुळे एकाच वेळी अनेक बीजे पक्व होतात. त्यांतील किती फळतील, यावर डॉक्टरांचे पूर्ण नियंत्रण नसते. टेस्ट ट्यूब पद्धतीत मात्र गर्भाशयात किती भ्रूण सोडायचे, हे डॉक्टरच ठरवतात. प्रत्येक भ्रूण रुजतोच असे नाही, म्हणून पूर्वी तीन-चार भ्रूण एकदम सोडत.

यातले गणित वर्गात फाशांनी दाखवता येईल. भ्रूण रुजण्याची शक्यता एक-तृतीयांश आहे असे समजू. फाशावर १ किंवा २ पडले तर भ्रूण रुजला. तीन फासे एकदम टाकले, तर २७ पैकी सरासरी ८ वेळा काहीच रुजत नाही, १२ वेळा एक, ६ वेळा दोन आणि एकदा तिन्ही. म्हणजे यश १९ वेळा. पण त्यांतील ७ वेळा जुळे किंवा तिळे!

आता फासे एकेक टाका आणि यश येताच थांबा. तीन संधींत यश तेवढेच, २७ पैकी १९ वेळा. पण प्रत्येक वेळी भ्रूण एकच. (एकच भ्रूण दुभंगून जुळे होणे क्वचित घडते.) उरलेले भ्रूण गोठवून ठेवता येऊ लागल्याने ही रीत व्यवहारात आली.

जुळे म्हणजे दुप्पट आनंद, असे आपल्याला वाटते. परंतु निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत, कमी वजनाची जन्मतात. तिळ्यांची स्थिती आणखी नाजूक. आईलाही रक्तदाब व रक्तस्रावाचा धोका वाढतो.

म्हणून स्वीडनने २००३ मध्ये सर्वसाधारणपणे एकच भ्रूण सोडण्याचा नियम केला. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात अशा उपचारांनंतरच्या सुमारे चार बाळंतपणांत एक बहुगर्भ असे; २०१९ मध्ये हे प्रमाण सहा टक्क्यांवर आले. अमेरिकेत १९९८ मध्ये दर लाख जन्मांत तिळी व त्याहून अधिक मिळून सुमारे १९४ मुले होती. पुढे ही संख्या निम्म्याहून खाली गेली.

आपल्याकडे २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, अपवाद वगळता, तीन भ्रूणांची मर्यादा घातली. परंतु उपचाराचा खर्च बहुधा कुटुंबाच्याच खिशातून होतो. साहजिकच ‘एकाच खर्चात दोन’ हा मोह जोडप्यांना पडतो. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाचे बिल मात्र त्या हिशेबात धरलेले नसते. उपचाराचे यश किती गर्भ राहिले यावर नव्हे, तर धडधाकट आई आणि पूर्ण दिवसांचे एक बाळ घरी गेले का, यावर मोजावे, असे आम्हांला वाटते.