भारतीय शांतिसेना, श्रीलंकेतील

भारत-श्रीलंका करारातील (२९ जुलै १९८७) तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी भारताने श्रीलंकेच्या उत्तर व पूर्व प्रांतांत ठेवलेले सैन्यदल. जुलै १९८७ ची अखेर ते २४ मार्च १९९० असे सुमारे बत्तीस महिने ते तेथे होते. ‘शांतिसेना’ असे नाव असले, तरी हे दल संयुक्त राष्ट्रांच्या ध्वजाखालील नव्हते. दोन राष्ट्रांमधील करारान्वये ते पाठविण्यात आले होते. तमिळ बंडखोरांची शस्त्रे जमा करून घेणे व युद्धबंदीवर देखरेख ठेवणे, हे त्याचे मूळ काम होते. प्रत्यक्षात अडीच महिन्यांच्या आत त्याला ‘लिबरेशन टायगर्स ऑफ तमिळ ईलम’ (लिट्टे) या संघटनेशी युद्ध करावे लागले. सुमारे १,२०० भारतीय सैनिक त्यात मृत्युमुखी पडले. एखादे राष्ट्र आपले सैनिक परभूमीवर का पाठविते आणि त्या निर्णयाची किंमत कोणाला मोजावी लागते, याचे हे भारतीय इतिहासातील सर्वांत बोधप्रद उदाहरण होय.

पार्श्वभूमी : श्रीलंका १९४८ मध्ये स्वतंत्र झाली. १९५६ च्या कायद्याने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरविण्यात आली. पुढे विद्यापीठप्रवेशांचे निकष बदलण्यात आले आणि १९७२ च्या संविधानाने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले. त्यांमुळे तमिळ भाषकांत असंतोष वाढत गेला. सनदशीर मागण्या निष्फळ ठरल्यावर तरुणांचे सशस्त्र गट उदयास आले. वेलुपिळ्ळै प्रभाकरन याच्या नेतृत्वाखालील लिट्टे (स्थापना १९७६) हा त्यांतील सर्वांत कडवा गट होता. जुलै १९८३ मध्ये जाफन्याजवळ या गटाने १३ सैनिकांना ठार केले. त्याच्या प्रतिक्रियेदाखल कोलंबो व अन्यत्र तमिळांची भीषण हत्या झाली. लाखाहून अधिक निर्वासित तमिळनाडूत आले आणि श्रीलंकेचा अंतर्गत प्रश्न भारताचाही प्रश्न बनला.

सैन्य पाठविण्याची कारणे : परदेशी सैन्य पाठविण्यामागे सहसा एकच हेतू नसतो. सुरक्षेचा विचार, देशांतर्गत लोकमत, शेजारी राष्ट्राची विनंती व मानवतावादी भूमिका यांची त्यात सरमिसळ असते. श्रीलंकेच्या बाबतीत ती स्पष्ट दिसते. पहिले कारण तमिळनाडूतील लोकभावनेचे होते. तेथील कोणत्याही पक्षाला तमिळांच्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करणे शक्य नव्हते. दुसरे कारण सामरिक होते. श्रीलंकेचे अध्यक्ष जे. आर्. जयवर्धने यांनी अन्य देशांकडून शस्त्रे, प्रशिक्षण व भाडोत्री लष्करी तज्ञ मिळविले होते. त्रिंकोमालीचे नैसर्गिक बंदर परकीय सत्तेच्या हाती जाऊ नये, अशी भारताची इच्छा होती. करारासोबतच्या पत्रव्यवहारात तसे आश्वासनही मिळविण्यात आले. तिसरे कारण असे की, श्रीलंका एकसंध राहावी, परंतु तमिळांना स्वायत्तता मिळावी, असे भारताचे धोरण होते. कारण शेजारी देशातील फुटीरतेचे यश भारतातील फुटीर चळवळींनाही बळ देणारे ठरले असते.

या धोरणात मूलतःच एक विसंगती होती. १९८३ नंतर भारतीय गुप्तचर यंत्रणेने लिट्टेसह अनेक तमिळ गटांना प्रशिक्षण व शस्त्रे दिली होती. पुढे त्यांतील एका गटाला निःशस्त्र करण्याचे काम भारतीय सैन्याच्या वाट्यास आले. जवानांना ज्यांच्याशी लढावे लागले, त्यांच्यातील काहींचे शिक्षण भारताच्याच छावण्यांत झालेले होते.

जयवर्धने यांचाही यात स्वार्थ होता. दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना या सिंहली संघटनेच्या उठावाचे संकट त्यांच्यापुढे होते. भारतीय सैन्याने उत्तरेची जबाबदारी घेतल्यास स्वतःचे सैन्य दक्षिणेकडे वळविणे त्यांना शक्य होणार होते.

करार व त्यातील उणिवा : १९८७ च्या मे-जूनमध्ये श्रीलंकेच्या सैन्याने जाफना द्वीपकल्पात मोठी मोहीम काढली. ४ जून रोजी भारतीय हवाई दलाने जाफन्यावर अन्नधान्य टाकून हस्तक्षेपाची तयारी सूचित केली. त्यानंतर सात-आठ आठवड्यांत पंतप्रधान राजीव गांधी व जयवर्धने यांनी कोलंबो येथे करारावर सह्या केल्या. युद्धबंदी, शस्त्रसमर्पण, उत्तर व पूर्व प्रांतांचे तात्पुरते एकत्रीकरण आणि प्रांतिक परिषदेची निवडणूक या त्यातील मुख्य तरतुदी होत. श्रीलंकेने विनंती केल्यास भारत लष्करी साहाय्य देईल, अशीही तरतूद होती. ३० जुलै रोजी मानवंदना स्वीकारताना एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीच्या दस्त्याने प्रहार केला. सिंहली समाजातील विरोधाचे ते जाहीर चिन्ह होते.

लिट्टेने करारावर सही केलेली नव्हती. ज्यांना शस्त्रे खाली ठेवावयाची होती, तेच कराराचे पक्षकार नव्हते, ही त्यातील सर्वांत मोठी उणीव होय. ४ ऑगस्ट रोजी सुदुमलै येथील सभेत प्रभाकरनने नाराजीनेच करार मान्य केला. पण शस्त्रांचा अल्पसा भागच जमा झाला. २६ सप्टेंबर रोजी लिट्टेचा कार्यकर्ता तिलीपन उपोषणात मरण पावला आणि जाफन्यातील वातावरण तापले. ऑक्टोबरच्या प्रारंभी श्रीलंकेच्या नौदलाने पकडलेल्या लिट्टेच्या १७ जणांना कोलंबोला नेण्याचा प्रयत्न होताच त्यांनी सायनाइड घेतले. त्यांपैकी बहुतेक मरण पावले. यानंतर लिट्टेने पूर्व प्रांतात सिंहली नागरिकांची कत्तल केली. तेव्हा भारताने लिट्टेला बळाने निःशस्त्र करण्याचा निर्णय घेतला.

‘ऑपरेशन पवन’ : जाफना शहर ताब्यात घेण्याची ही मोहीम १० ऑक्टोबर १९८७ च्या सुमारास सुरू झाली. ११-१२ ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरांतून कमांडो व शीख लाइट इन्फन्ट्रीची एक तुकडी उतरविण्यात आली. लिट्टेच्या नेत्यांना एकाच झडपेत पकडण्याचा हेतू त्यामागे होता. शत्रूला या बेताची चाहूल लागलेली होती. जबर गोळीबारामुळे हेलिकॉप्टरांना पुढील फेऱ्या करता आल्या नाहीत. शीख लाइट इन्फन्ट्रीचे जे ३० जवान उतरले होते, त्यांतील २९ धारातीर्थी पडले. उरलेला एक बंदी झाला. कमांडोंची सुटका दुसऱ्या दिवशी रणगाड्यांच्या साहाय्याने करण्यात आली.

शहरावर चहूबाजूंनी चाल करण्यात आली. रस्त्यांत भूसुरुंग व स्फोटके पेरलेली होती. घराघरांतून गोळीबार होत होता. अधिकाऱ्यांना हेरून लक्ष्य केले जात असे. नागरी वस्तीत जड शस्त्रे वापरण्यावर प्रारंभी निर्बंध होते. भारतीय पायदळाकडील अर्धस्वयंचलित रायफली लिट्टेच्या ए. के. ४७ रायफलींपुढे कमी पडत होत्या. अद्ययावत नकाशे व विश्वसनीय माहिती यांचाही अभाव होता. सुमारे दोन आठवड्यांनी शहर हाती आले, तोवर दोनशेहून अधिक भारतीय सैनिक मृत्यू पावले होते. लिट्टेचे नेतृत्व मात्र वन्नीच्या जंगलात निसटले.

पुढील युद्ध गनिमी स्वरूपाचे होते. सैन्याची संख्या वाढवीत न्यावी लागली आणि मोहीम उत्तर व पूर्व प्रांतांत सर्वत्र पसरली. मराठा लाइट इन्फन्ट्री व महार रेजिमेंट यांच्या पलटणींनी तीत भाग घेतला. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ८ महार पलटणीचे मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन शोधमोहिमेहून परतत असता त्यांच्या तुकडीवर दबा धरून हल्ला झाला. हातघाईच्या लढाईत छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी हल्लेखोराची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरपर्यंत ते तुकडीला आदेश देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. या मोहिमेतील ते एकमेव परमवीरचक्र होय.

मनुष्यहानी : सुमारे १,२०० मृतांखेरीज ३,००० हून अधिक भारतीय सैनिक जखमी झाले. भूसुरुंगांमुळे अनेकांना हातपाय गमवावे लागले. संयुक्त राष्ट्रांच्या विविध मोहिमांत सात दशकांहून अधिक काळात मृत्यू पावलेल्या भारतीय शांतिसैनिकांची संख्या दोनशेच्या आत आहे. श्रीलंकेत बत्तीस महिन्यांत झालेली हानी त्यामुळेच विशेष जाणवते.

तमिळ नागरिकांची हानीही मोठी होती. २१-२२ ऑक्टोबर १९८७ रोजी जाफना रुग्णालयात भारतीय सैनिकांच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर व परिचारिका मिळून साठांहून अधिक माणसे मारली गेली. आतून गोळीबार झाला, असे लष्कराकडून सांगण्यात आले. ते तेथील साक्षीदारांनी अमान्य केले. ऑगस्ट १९८९ मध्ये लिट्टेच्या हल्ल्यात सहा सैनिक मेल्यानंतर वल्वेट्टितुरै येथे पन्नासहून अधिक नागरिक ठार झाले. बलात्कार, छळ व घरांची जाळपोळ यांच्या तक्रारीही नोंदविल्या गेल्या. जाफना विद्यापीठातील काही अध्यापकांनी भारतीय सैन्य, श्रीलंकेचे सैन्य व तमिळ गट या सर्वांच्या अत्याचारांची नोंद केली. त्यांपैकी राजनी तिरणगम या वैद्यक शाखेच्या प्राध्यापिकेची २१ सप्टेंबर १९८९ रोजी हत्या झाली. ती लिट्टेने केली, असे मानले जाते. ज्यांच्या रक्षणासाठी सैन्य आले, त्या जनतेतील अनेकांना ते परकीय आक्रमक वाटू लागले. कोण नागरिक आणि कोण बंडखोर हे ओळखता न येणाऱ्या युद्धात सैनिकाची भीती व नागरिकाचे मरण यांतील अंतर फार थोडे उरते, हे या घटनांतून दिसून येते.

माघार : नोव्हेंबर १९८८ मध्ये भारतीय सैन्याच्या संरक्षणाखाली प्रांतिक परिषदेची निवडणूक होऊन वरदराज पेरुमाळ मुख्यमंत्री झाले, परंतु त्यांच्या सरकारला स्वतःचा आधार नव्हता. त्याच वर्षाअखेर अध्यक्षपदी निवडून आलेल्या रणसिंघे प्रेमदासांनी भारतीय सैन्य परत पाठविण्याची प्रतिज्ञा केली होती. १ जून १९८९ रोजी त्यांनी तशी जाहीर मागणी केली आणि लिट्टेशी वाटाघाटी आरंभिल्या. इतकेच नव्हे, तर लिट्टेला श्रीलंका सरकारकडून शस्त्रेही पुरविण्यात आली. अशा रीतीने ज्या सरकारच्या विनंतीवरून भारतीय सैन्य गेले, त्याच देशाच्या नव्या सरकारचे बळ त्याच्या शत्रूच्या पाठीशी उभे राहिले. भारतातही डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार आले व माघारीस गती मिळाली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. परतणाऱ्या सैन्याच्या मद्रास येथील स्वागतास तमिळनाडूचे मुख्यमंत्री एम्. करुणानिधी गेले नाहीत. तमिळांच्या हितासाठी गेलेल्या सैन्याला तमिळ भूमीवरच मानाचे स्वागत लाभले नाही.

परिणाम व मूल्यमापन : जून १९९० मध्ये लिट्टे व श्रीलंका सरकार यांच्यात पुन्हा युद्ध पेटले. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे लिट्टेच्या आत्मघातकी हल्लेखोर स्त्रीने राजीव गांधींची हत्या केली. १ मे १९९३ रोजी प्रेमदासही अशाच हल्ल्यात मारले गेले. यादवी युद्धाचा शेवट मे २००९ मध्ये लिट्टेच्या संपूर्ण पराभवाने झाला. प्रांतांचे एकत्रीकरण श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अवैध ठरविले. करारान्वये झालेल्या तेराव्या घटनादुरुस्तीने निर्माण केलेल्या प्रांतिक परिषदा हा त्या प्रयत्नांचा टिकून राहिलेला अवशेष होय.

उद्दिष्ट अस्पष्ट असणे, मध्यस्थ व लढणारा पक्ष या दोन भूमिका एकाच सैन्याने पतकरणे आणि यजमान देशातील सत्तांतराचा विचार न करणे, ही अपयशाची मुख्य कारणे मानली जातात. याचा प्रभाव पुढील धोरणावर पडला. संयुक्त राष्ट्रांच्या आदेशाखेरीज परदेशी लढाऊ सैन्य पाठविण्याबाबत भारत सावध राहिला. २००३ मध्ये इराकमध्ये सैन्य पाठविण्याची अमेरिकेची विनंतीही त्याने स्वीकारली नाही.

या मोहिमेतील मृतांची स्मृती दीर्घकाळ उपेक्षित राहिली. त्यांचे स्मारक श्रीलंकेच्या राजधानीच्या परिसरात, संसदभवनानजीक, २००८ मध्ये उभारण्यात आले. भारतात दिल्ली येथील राष्ट्रीय युद्धस्मारकात (२०१९) त्यांची नावे कोरली गेली, तेव्हा सैन्य परतून २९ वर्षे होत आली होती. विजयी युद्धाची स्मारके लवकर उभी राहतात. ज्या मोहिमेचा निर्णयच वादग्रस्त ठरतो, तीतील सैनिकांना मात्र धोरणाच्या चुकीची किंमत मरणोत्तरही मोजावी लागते.