पहिली ट्रायथलॉन: आधी पाण्याची भीती घालवा

"पहिल्यांदाच ट्रायथलॉन करायचीय, सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलाय. आजचा भाग त्यावरच.

माझं उत्तर सरळ आहे, स्प्रिंटपासून. म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. गोव्याची आयर्नमॅन ७०.३ बघून लगेच हुरळून जाऊ नका. तिथे १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावणं. ते नंतर.

आता माझी फजिती सांगतो. स्विमिंग पूलमध्ये मी न थांबता किलोमीटरभर पोहायचो. समुद्रात पहिल्याच दिवशी शंभरेक मीटरवर श्वास कोंडला. तळ दिसेना, धरायला भिंत नाही, छातीत नुसती धडधड. सोबत मित्र होता, तो ओरडला, "उताणा हो!" तसाच तरंगत राहिलो, सावकाश श्वास सोडत गेलो, तेव्हा कुठे जीवात जीव आला.

म्हणून वेग नंतर, आधी उताणं तरंगायला शिका. खुल्या पाण्यात एकट्याने कधीच उतरू नका. दर सहा-आठ हातांनंतर डोळे वर काढून दिशा बघायची सवय लावा. शर्यतीत घाबरलात तर हात वर करा. बचावाच्या कयाकला धरून दम खाता येतो, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. थांबलात म्हणून कोणी बाद करत नाही.

दुसरी गोष्ट पायांची. सायकलवरून उतरून धावायला लागलं की पाय लाकडासारखे होतात. आठवड्यातून एकदा सायकल झाल्या झाल्या दहा-पंधरा मिनिटं धावा, हळूहळू सवय होते.

तिसरी, हेल्मेट. आधी पट्टा लावायचा, मगच सायकल स्टँडवरून काढायची. उलट केलंत तर दंड बसतो.

आणि शर्यतीच्या दिवशी नवं काहीच नको. बूट, गॉगल, जेल, सगळं सरावात वापरलेलंच. आठवड्यात प्रत्येक प्रकार दोनदा आणि एक दिवस पूर्ण आराम, एवढं पुरतं. सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना मात्र नक्की दाखवा.

पहिल्या शर्यतीत नंबर नाही, नीट पोचणं महत्त्वाचं. भेटूया पुढच्या भागात!