बेताच्या गुणांचा पसंतीक्रम

वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागतो तेव्हा ज्या घरातील मुलाचा क्रमांक पहिल्या काही हजारांत असतो त्या घराला सल्ल्याची गरज नसते, आणि जेथे पात्रतेची रेषाच ओलांडली गेलेली नसते तेथे सल्ल्याचा उपयोग नसतो. परंतु या दोन टोकांच्या मध्ये जी लाखो मुले उरतात, ज्यांचे गुण लपविण्याजोगे नसतात आणि मिरविण्याजोगेही नसतात, त्यांच्या घरी पुढले काही महिने जी घालमेल चालते तिची कल्पना ती न भोगलेल्याला यावयाची नाही. मामा, शेजारी, क्लासचे सर आणि गल्लीतले डॉक्टर असे सर्व हितचिंतक आपापली यादी घेऊन येतात. त्या याद्या बहुधा खऱ्याच असतात. फक्त त्या दुसऱ्या कोणासाठी, दुसऱ्या कोणत्या तरी वर्षी खऱ्या ठरलेल्या असतात.

कारण असे की, नीट परीक्षेतील गुणांना स्वतःचे असे मोल नाही. मोल आहे ते क्रमांकाला. ७२० गुणांची ही परीक्षा २०२४ साली इतकी सैल झाली, की फेरनिकालानंतरही १७ विद्यार्थी पैकीच्या पैकी गुणांचे मानकरी उरले, आणि लगेच २०२५ साली भौतिकशास्त्राच्या प्रश्नांनी अशी दाणादाण उडविली, की देशात पहिला आलेला विद्यार्थी ६८६ गुणांवर थांबला. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषाही १६२ वरून १४४ वर उतरली. तेव्हा ‘गेल्या वर्षी आमच्या भाच्याला एवढ्याच गुणांवर मिरजेला जागा मिळाली’ या वाक्यातून काहीच निष्पन्न होत नाही. पाहावयाचे असते ते त्या महाविद्यालयात, आपल्या प्रवर्गात, नेमक्या त्या फेरीत शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकाला मिळाला हे, आणि तेही दोन-तीन वर्षांचे एकत्र ठेवून. ‘पात्र’ या शिक्क्यानेही फार हुरळून जाऊ नये. २०२५ साली बारा लाखांहून अधिक मुले पात्र ठरली, आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात, सरकारी व खाजगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास होत्या.

आता या जागांना दरवाजे किती, याचा विचार करू. १९८४ साली डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अधिवासाच्या नावाखाली राज्यातील सगळ्याच जागा राज्यवासीयांसाठी अडवून ठेवणे समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरविले. त्या निवाड्याचे फलित म्हणजे सरकारी महाविद्यालयांतील आजचा १५ टक्क्यांचा अखिल भारतीय कोटा होय. त्याचे वाटप दिल्लीहून होते. एम्स, जिपमर आणि सर्व अभिमत विद्यापीठे यांचे प्रवेशही तेथूनच. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या; आपल्याकडे त्यांचे वाटप सीईटी कक्ष करतो, आणि त्यांसाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबरच सामान्यतः दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण झालेल्या असाव्या लागतात. नोकरीनिमित्त इंदूरला, बडोद्याला किंवा हैदराबादेस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची येथेच फसगत होते: आडनाव मराठी, गाव सातारा, परंतु दहावीचे प्रमाणपत्र परराज्याचे. अशा विद्यार्थ्याने आपण राहतो त्या राज्याचे नियम आधी वाचावेत. महाराष्ट्रात पूर्वी प्रादेशिक आरक्षणही होते, ७० टक्के जागा त्या त्या विभागाच्या आणि ३० टक्के राज्यभराच्या. महाविद्यालये मुळातच थोडी असल्यामुळे मराठवाड्याच्या मुलांना त्याचा जाच होई. २०२० साली ते रद्द झाले. लातूरचा विद्यार्थी आज पुण्या-मुंबईच्या जागेवर त्याच हक्काने दावा सांगू शकतो, आणि अर्थात पुण्याचाही लातूरच्या जागेवर.

दाखल्यांविषयी एवढेच सांगतो, की बेताच्या गुणांच्या विद्यार्थ्याचे भवितव्य कित्येकदा तहसील कचेरीतल्या एका सहीवर लोंबकळत असते. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत सादर न झाल्यास राखीव प्रवर्गातील विद्यार्थी खुल्या यादीत ढकलला जातो, आणि तेथे त्याचा क्रमांक पुरेसा ठरत नाही. नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, ही गोष्ट तर अनेकांना पडताळणीच्या दिवशीच कळते. हे अर्ज बारावीच्या वर्षातच दाखल व्हावयास हवेत.

यानंतर येतो पसंतीक्रमाचा तक्ता, आणि सर्वांत मोठा गैरसमज याच ठिकाणी रुजलेला आढळतो. पुष्कळ पालक असे धरून चालतात, की पहिल्या पसंतीस मिळण्याजोगे महाविद्यालय लिहावे, नाहीतर वरची नावे ‘वाया जातात’ आणि तेवढ्यात खालची जागा दुसरा कोणी पटकावतो. वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. आठवडी बाजारात आंब्यांच्या पाटीपुढे रांग लागावी, ज्याची पाळी येईल त्याने उरलेल्यांतला आपल्या मनाजोगा आंबा उचलावा आणि मग पुढल्याची पाळी यावी, तसे हे वाटप आहे. रांगेतली जागा परीक्षेने ठरवून दिलेली असते, आणि आपण मनात प्रथम कोणता आंबा धरला होता याने ती मागे सरकत नाही. आपली पाळी आली की संगणक आपला तक्ता वरून खाली वाचतो आणि जी पहिली शिल्लक जागा भेटेल ती आपल्या नावे लावतो. म्हणून अशक्यप्राय वाटणारे परंतु मनापासून हवे असलेले नाव वर लिहिण्याने काडीचेही नुकसान होत नाही. नुकसान होते ते दोन प्रकारे. एक, जेथे आनंदाने गेलो असतो अशी नावे आळसाने किंवा अज्ञानाने तक्त्यात आलीच नाहीत म्हणजे. आणि दुसरे, जेथे जावयाचेच नव्हते असे नाव केवळ तक्ता भरगच्च दिसावा म्हणून घातले म्हणजे. कारण पहिल्या फेरीत मिळालेली जागा बिनदिक्कत सोडता येत असली, तरी पुढल्या फेऱ्यांत नियम आवळत जातात आणि रुजू न होणाऱ्याची अनामत रक्कम जप्त होते.

जेथे जावयाचेच नाही अशी नावे कोणती, हे बहुधा पैसा ठरवतो, आणि त्याविषयी घरात उघड बोलणे होत नाही. सरकारी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क लाख-दीड लाखाच्या घरात असते. खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते, ते बहुधा त्याच्या पाच ते दहा पट. त्याच महाविद्यालयांतील संस्थात्मक कोट्याचे याहून कित्येक पट. आणि अभिमत विद्यापीठांत वर्षाला वीस लाखांच्या पुढले आकडे सर्रास आढळतात. या आकड्याला साडेचार वर्षांनी गुणावे, वसतिगृह आणि खाणावळ मिळवावी, आणि मगच ते नाव तक्त्यात लिहावे. आणखी एक बारकावा असा, की शासनाच्या शुल्क-शिष्यवृत्तीच्या योजना सामायिक फेऱ्यांतून मिळालेल्या प्रवेशासाठी असतात. घाईने संस्थात्मक कोट्यातून जागा घेणाऱ्याला त्यांवर पाणी सोडावे लागते. शेती विकून पदवी घेणाऱ्या मुलाला पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी विकावयाला काय उरणार, हा प्रश्न कठोर आहे. पण तो मुलगा इंटर्न झाल्यावर विचारण्यापेक्षा आधी विचारलेला बरा.

आता माझे स्वतःचे मत सांगतो, आणि ते अनेकांना रुचणार नाही. दूरच्या जिल्ह्यातले नवे सरकारी महाविद्यालय आणि मोठ्या शहरातले सुसज्ज, संगमरवरी पायऱ्यांचे खाजगी महाविद्यालय यांत निवड करावयाची वेळ आली, तर मी पहिल्याच्या बाजूने झुकेन. गेल्या काही वर्षांत नंदुरबार, धाराशिव, सिंधुदुर्ग, परभणी येथे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एकाच दिवशी गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, जालना अशा दहा ठिकाणी, सरकारी महाविद्यालये सुरू झाली. त्यांच्या उणिवा खऱ्या आहेत: अध्यापकांची वानवा, उसन्या इमारती, अपुरी वसतिगृहे. परंतु यांतील बहुतेक महाविद्यालये जिल्हा रुग्णालयाला जोडलेली आहेत, आणि तेथे रुग्ण असतो. सर्पदंश, विषबाधा, अडलेली प्रसूती, कुपोषित मूल हे सारे वॉर्डात रोज येते, आणि वैद्यकविद्या शेवटी खाटेशेजारी उभे राहूनच शिकावी लागते. म्हणून महाविद्यालय पाहावयास जाणाऱ्याने ग्रंथालयाआधी सकाळी दहाच्या सुमारास बाह्यरुग्ण विभागात जाऊन उभे राहावे; तेथे शुकशुकाट असेल तर माहितीपुस्तिका मिटून परत यावे. ‘आडगावचे कॉलेज’ म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी अंबाजोगाईकडे पाहावे. ग्रामीण भागासाठी म्हणून १९७४ साली निघालेल्या तेथल्या महाविद्यालयाने मराठवाड्याला डॉक्टरांच्या पिढ्या दिल्या. सेवाग्रामचे उदाहरण आणखी निराळे: डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली स्थापिलेल्या त्या संस्थेत निम्म्या जागा महाराष्ट्राच्या व निम्म्या राज्याबाहेरच्यांच्या असतात, आणि खादी, खेड्यातील मुक्काम व साधी राहणी यांचा तेथे आग्रह असतो. ज्याला ते मनापासून मानवत नसेल त्याने ते नाव लिहू नये. सरकारी जागेबरोबर पदवीनंतर एक वर्षाची शासकीय सेवाही येते. तिला शिक्षा समजणारा आणि अनुभव समजणारा यांचा पसंतीक्रम एकसारखा असू शकत नाही.

परदेशाचा मार्ग, म्हणजे जॉर्जिया, रशिया, किरगिझस्तान, हल्ली फार बोलबाल्याचा झाला आहे. त्याविषयी एवढे जाणून असावे, की राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात व्यवसाय करण्यास पात्र ठरविणारी नोंदणी, आणि भारतात परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप आवश्यक आहे. शिवाय मध्ये ३०० गुणांची परीक्षा आहे, जिच्या कित्येक सत्रांत चार-पाच परीक्षार्थींमागे एकच उत्तीर्ण झाला आहे. एजंट तिकीट काढून देतो. ही परीक्षा तो देत नाही.

राहता राहिला प्रश्न दुसऱ्या अभ्यासक्रमांचा आणि पुनःपरीक्षेचा. दंतवैद्यक, आयुर्वेद, भौतिकोपचार ही स्वतंत्र शास्त्रे आहेत. एमबीबीएस हुकले म्हणून रुसव्याने त्यांत शिरणाऱ्याचे आणि त्याच्या भावी रुग्णाचेही त्यात भले नाही, परंतु ज्याला त्यांची गोडी आहे त्याने नातेवाइकांच्या चेहऱ्याकडे पाहू नये. वर्ष थांबून पुन्हा बसावयाचे असेल, तर तो निर्णय पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच व्हावा, कारण गुण कोणत्या विषयात गेले आणि ते वर्षभरात भरून निघण्याजोगे आहेत की नाहीत हे उत्तरपत्रिकेवरून तेव्हाही कळतच असते. अखिल भारतीय प्रक्रियेच्या अगदी अखेरच्या फेरीत नाव नोंदवून, जागा मिळाल्यावर ‘आता नको’ म्हणणाऱ्याची अनामत तर जातेच. पण ज्या पुढल्या परीक्षेच्या भरवशावर त्याने ती जागा नाकारलेली असते, त्याच परीक्षेला बसण्यास त्याला बंदी होते.