शिपायाची जागा

पेठ वडगांवच्या रस्त्यावर पहांटे धांवणारीं मुलें दिसलीं, तर ती व्यायामाची हौस समजूं नये. त्यांना पोलीस शिपाई व्हावयाचें असतें. २०२४ सालीं महाराष्ट्र पोलिसांतील शिपाई, चालक इत्यादि १७,४७१ जागांसाठीं सुमारें १७ लक्ष ७६ हजार अर्ज आले. म्हणजे एका जागेमागें शंभरावर उमेदवार!

शिपायास पात्रता बारावीची. परंतु अर्जदारांत अभियंतेहि होते. खरी मेख येथेंच आहे. जाहिरातींतील शिक्षण म्हणजे दाराशीं उभें राहण्याचा परवाना. आंत घेणारी कसोटी निराळी. मैदानावरील ५० गुणांपैकीं निम्मे मिळवावयाचे, मग जागेमागें दहाजणांस लेखी परीक्षेचें बोलावणें. तेथें केवळ उत्तीर्ण होऊन भागत नाहीं. इतरांच्या पुढें जावें लागतें. पदवीधर खालीं उतरला, कीं बारावी झालेला मागें सरतो. आणि पदवीधरानें तरी कां उतरूं नये? कंत्राटी कामापेक्षां दरमहाचें निश्चित वेतन कोणाला नको?

शिवाय खर्च आहेच. २०२३ च्या तलाठी-भरतीस खुल्या वर्गाचें शुल्क हजार रुपये होतें. मजुराच्या घरीं ही कित्येक दिवसांची मजुरी!

माझा एक विद्यार्थी दोनदां मैदान जिंकून परतला. "गुरुजी, मी नापास कुठें झालों?" असें तो विचारतो. तो नापास झालाच नाहीं, जागा सरल्या. खुल्या वर्गाची अठ्ठावीस वर्षांची मर्यादा तो पुढील सालीं ओलांडील.